हिरवा दिवा आणि पोर्ट नंबर सात

(दृश्य: फोर्टमधल्या जुन्या इमारतीचा लाकडी जिना. कठड्यावरून वर गेलेला केबलचा जुडगा.)

तक्रार नेहमीचीच. 'नेट चालू आहे, पण फाइल जात नाही.' पिंग मारलं, म्हणजे छोटासा निरोप पाठवून पलीकडचं यंत्र जागं आहे का ते बघितलं, की लगेच उत्तर येतं. पन्नास एमबीची फाइल टाकायला घेतली की मात्र पट्टी अर्ध्यावर रेंगाळते. संशय आधी इंटरनेटवाल्यावर जातो, मग व्हायरसवर. ऑफिसातल्या केबली एकत्र जोडणारा डबा म्हणजे स्विच, त्याच्याकडे कोणी बघत नाही, कारण तिथे हिरवा दिवा लागलेला असतो.

त्या दिव्याला फक्त सिग्नल आल्याचं कळतं. दोन टोकांचं आपसात काय ठरलं, हे बघायला लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी कन्सोल केबल लावावी लागते.

(दृश्य: लॅपटॉपचा स्क्रीन, काळ्यावर पांढरी अक्षरं.)

सिस्कोचा स्विच आहे, कन्सोलचा वेग 9600 बॉड. 'शो इंटरफेसेस स्टेटस'. सातव्या पोर्टसमोर दिसतं, 'ए-हाफ, ए-100'. सुरुवातीचा 'ए' म्हणजे ऑटो, पोर्टने आपणहून ठरवलेलं. शंभर मेगाबिट, पण हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच बाजूने बोलायचं. फुलमध्ये दोन्ही बाजू एकदम बोलतात. आजच्या दिवसात हाफ दिसलं की समजावं, पलीकडे कोणीतरी हात घातलाय.

पलीकडे म्हणजे खालच्या मजल्यावरचा राउटर. त्याच्यावर 'स्पीड 100, डुप्लेक्स फुल' पक्कं करून ठेवलंय. एकेकाळी हा सल्ला सर्रास दिला जायचा, कारण सुरुवातीच्या कार्डांचं ऑटोवर आपसात जमत नसे. 1995 च्या फास्ट इथरनेटच्या मानकात ही बोलणी ठरवून दिली आहेत. दोन्ही टोकं बारीक पल्स पाठवून 'मला हे हे जमतं' असं सांगतात. पक्कं केलेलं टोक बोलणीच बंद करतं. मग ऑटोवालं टोक येणाऱ्या सिग्नलवरून वेग ओळखतं, पण डुप्लेक्स ओळखायला काही साधन नसतं. अशा वेळी हाफ धरायचं, असा नियमच आहे.

मुंबईकराला हे रुळांवरून चटकन कळेल. एका स्टेशन मास्तरला वाटतंय अप आणि डाऊन वेगळे रूळ आहेत, तो बिनधास्त गाड्या सोडतोय. दुसरा एकेरी मार्ग समजून समोरून काही येत नाही ना, ते बघत बसलाय. गर्दी नसेल तर निभावतं, म्हणून पिंग जातं. गर्दी झाली की टक्कर.

(दृश्य: दोन खिडक्या शेजारी शेजारी, काउंटरचे वाढणारे आकडे.)

हाफच्या बाजूला 'लेट कोलिजन' वाढतात, म्हणजे फ्रेमचे (डेटाच्या एका पुडक्याचे) पहिले 64 बाइट गेल्यावर झालेली टक्कर. ती फ्रेम अर्धवट सोडून दिली जाते आणि तिचे तुकडे फुलच्या बाजूला सीआरसी एरर (तपासणीत न जुळलेल्या फ्रेम) आणि रंट (फारच आखूड फ्रेम) म्हणून मोजले जातात. एकाच टोकाला बसून सीआरसी पाहिले, तर दोष केबलवर येतो आणि चांगली केबल उगाच बदलली जाते.

इलाज दोन ओळींचा, राउटरवर 'डुप्लेक्स ऑटो' आणि 'स्पीड ऑटो'. ऑटो करायचं तर दोन्हीकडे, पक्कं करायचं तरी दोन्हीकडे. तांब्यावरच्या गिगाबिटला तर ऑटो लागतंच. दोन टोकांपैकी क्लॉक, म्हणजे वेळेचा ठोका, कोणाचा चालणार, हे त्याच बोलणीत ठरतं.

हे घरी बसून त्याच लिंकवरून करणं म्हणजे बसलेली फांदी तोडणं. म्हणून आधी चालू सेटिंग सेव्ह करायची आणि 'रीलोड इन 10' टाकायचं. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राउटर स्वतःच जुन्या सेटिंगवर उठतो. सगळं नीट झालं तर 'रीलोड कॅन्सल'. ते विसरलात, तर दहाव्या मिनिटाला सगळं ऑफिस ओरडणार.

गिगाबिटचं पोर्ट 100 वर अडलं असेल, तर मात्र आधी केबलच तपासावी. 100 ला 1, 2, 3 आणि 6 एवढ्याच पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. पावसाळ्यात दमट भिंतीजवळच्या प्लगच्या पिना गंजतात. लॅमिंग्टन रोडवर स्वस्त केबल घेताना तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघावं. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. पीओईचा, म्हणजे नेटच्या केबलमधूनच वीज घेणारा, कॅमेरा लांबच्या टोकाला असल्या तारेवर लटकवू नये.

(दृश्य: पुन्हा सातवं पोर्ट. 'ए-फुल, ए-100'.)

काउंटर आपणहून शून्यावर येत नाहीत. दोन्हीकडे 'क्लिअर काउंटर्स' करून तीच पन्नास एमबीची फाइल पुन्हा पाठवायची. लेट कोलिजन शून्य, सीआरसी शून्य. आता राउटरवर 'राइट मेमरी', म्हणजे नवी सेटिंग सेव्ह. तेवढं राहिलं, तर पुढच्या वेळी लाइट गेली की राउटर पुन्हा 'डुप्लेक्स फुल' धरूनच उठणार, आणि सातव्या पोर्टचा दिवा तेव्हाही हिरवाच असणार.