बोटीच्या इंजिनाची पाण्याची धार बारीक झाली? पाण्याच्या वाटेने शोध घ्या

[कॅमेरा इंजिनाच्या बाजूवर. पाण्याची बारीक, तुटक धार दिसते.]

ही धार बघा. मध्येच तुटते आहे, आणि इंजिनापासून हातभर लांबही जात नाही. हे आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, स्टँडवर लावलंय, खाली ड्रममध्ये पाणी भरपूर आहे आणि इंजिन न्यूट्रलमध्ये हळू चालतंय. ही धार बोटापेक्षा थोडी बारीक, पण सलग आणि जोरात पडायला हवी.

[इंजिन बंद.]

नमस्कार. अशी धार दिसली की बहुतेक जण थेट नवा इंपेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी पाकळ्यांचं चक्र, विकत आणतात. बऱ्याचदा दोष इंपेलरचाच असतो, त्यामुळे त्यांचं चुकतं असंही नाही. पण नवा इंपेलर बसवून धार तशीच राहिली की पुढे काय करायचं हे कळत नाही. म्हणून आज मी पाणी ज्या वाटेने जातं त्याच वाटेने जाणार आहे. एकेक ठिकाण तपासायचं आणि तिथे पाणी पोचतंय याची खात्री झाल्यावरच पुढे जायचं.

वाट अशी आहे. खाली गिअरकेसच्या, म्हणजे पंखा बसतो त्या खालच्या भागाच्या, बाजूला जाळीची तोंडं असतात, तिथून पाणी आत येतं. गिअरकेसच्या वर पंप असतो. इंजिनाचा उभा शाफ्ट त्या पंपातला रबरी इंपेलर फिरवतो. पंप पाणी एका लांब नळीतून वर ढकलतो, ते इंजिनाच्या पोटातून फिरतं आणि बरंचसं एक्झॉस्टबरोबर खाली निघून जातं. त्यातला थोडा भाग या भोकातून बाहेर येतो. याला टेलटेल म्हणतात. म्हणजे ही धार फक्त नमुना आहे, सगळं पाणी नाही.

त्यामुळे पहिलं काम दोन मिनिटांचं. गवत कापायच्या यंत्रातला नायलॉनच्या दोरीचा तुकडा घ्या आणि टेलटेलच्या भोकात हळूच घाला. तार घालू नका, आतली रबरी नळी फाटेल. इंजिन बरेच दिवस उभं असेल तर कुंभारमाशी इथे मातीचं घर बांधते, खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या इंजिनात मीठ साचतं. ते मोकळं झालं आणि धार आली तर इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं.

[दोरी आतबाहेर. इंजिन सुरू. धार तशीच.]

आपली धार काही सुधारली नाही. बंद करतो.

आता खाली येऊ. जाळी बघा: शेवाळ, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, चिखल, बोट पाण्यातच उभी राहत असेल तर कडक कवचाचे समुद्री जीव. इथे जाळी स्वच्छ आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. इंजिन हळू चालताना ठीक आणि वेगात गेल्यावरच तापत असेल, तर या तोंडांवर जास्त संशय घ्या. हळू चालताना थोडं पाणी पुरतं, वेगात पुरत नाही. इंजिन बोटीवर फार वर बसवलं असेल तरी वेगात ही तोंडं हवा ओढतात. तोंडाच्या समोर बोटीच्या तळाला एखादा सेन्सर किंवा पट्टी बसवली असेल, तर तिथून उठणारे बुडबुडेही आत जातात. इंजिन कितीही उघडलं तरी हा दोष सापडणार नाही.

उलट, इंजिन हळू चालताना तापतं आणि वेग दिला की थंड होतं, तर पंप थकलाय. कमी आरपीएमला पाणी ढकलायला इंपेलरच्या पाकळ्या ताठ आणि घट्ट लागतात. ज्या इंजिनांत दाब सोडणारा पॉपेट व्हॉल्व्ह असतो, तिथे त्यात कचरा अडकून तो उघडा राहिला तरी हेच लक्षण दिसतं. हा फरक नीट लक्षात ठेवलात तर निम्मा शोध स्पॅनरला हात लावायच्या आधीच होतो.

आता पंप. आधी बॅटरी सोडवतो, किल स्विचची, म्हणजे इंजिन तातडीने बंद करायच्या बटणाची, दोरी काढतो. गिअरकेस उतरवताना इंजिन चुकून फिरायला नको.

[गिअरकेस खाली येतं.]

खाऱ्या पाण्यातल्या इंजिनाचे बोल्ट जाम झालेले असतील तर जोर लावू नका. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर राहू द्या, थोडी उष्णता द्या. गिअरकेसच्या धातूत बोल्ट तुटला की दिवस त्यातच जातो.

[पंपाचं झाकण निघतं. कॅमेरा जवळ.]

हे बघा. या इंपेलरला 6 पाकळ्या आहेत, मी 4 अख्ख्या मोजतोय. 2 मुळाशी तुटल्यात. उरलेल्या एकाच बाजूला वाकून तशाच बसल्यात, सोडल्यावर सरळ होत नाहीत. आणि झाकणाच्या आतून नख फिरवा, गोल चर लागतात. इतके चर असतील तर नुसता इंपेलर बदलून भागत नाही. झाकण, खालची प्लेट, इंपेलर ज्यात फिरतो तो आतला कप सगळं बदला, नाहीतर पाणी कडेने परत खाली घसरतं.

असं का होतं? इंपेलरला वंगण पाण्याचंच असतं. कोरडं इंजिन काही सेकंद जरी चालवलं तरी रबर घासून तापतं. "जरा सुरू करून बघतो" म्हणून पाण्याशिवाय किल्ली फिरवणारे खूप आहेत, आणि मला याची खरंच चीड येते, कारण हे नुकसान पूर्ण टाळता येण्यासारखं आहे. पाण्याच्या नळीला जोडायचे रबरी कप वापरत असाल तर नळ पूर्ण उघडा, कप तोंडावर घट्ट बसलेत का बघा आणि आरपीएम वाढवू नका. ड्रममध्ये चालवत असाल तर पाणी पंपाच्या वर हवं. नुसता पंखा बुडून उपयोग नाही.

आता मुख्य मुद्दा. 2 पाकळ्या तुटल्या, मग त्या गेल्या कुठे? पंपातच अडकल्या नसतील तर वाट एकच, वर. नवा इंपेलर बसवून झाकण लावलं, तर ते तुकडे वरच अडकून राहतील आणि धार बारीकच राहील. एकदा एका इंजिनात मी हेच केलं होतं. नवा पंप बसवला, इंजिन तरी तापलं, आणि पुन्हा सगळं उतरवायला लागलं. तेव्हापासून मी तुकडे मोजतो.

[पंपाच्या खालच्या प्लेटमधून रबराचा तुकडा निघतो.]

एक सापडला. दुसऱ्यासाठी वरचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढतो आणि तिथून पाणी उलटं खाली सोडतो.

[नळीच्या खालच्या तोंडातून रबर आणि गाळ पडतो.]

हा दुसरा. जोडून बघतो. जुळले, काही उरलं नाही.

थर्मोस्टॅट निघालाच आहे तर तोही तपासू. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा, भांड्याच्या तळाला लागू देऊ नका, बाजूला तापमापक ठेवा आणि पाणी तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाला तो उघडायला लागला पाहिजे. समुद्राच्या पाण्यावर थेट थंड होणाऱ्या बऱ्याच आउटबोर्डमध्ये हा आकडा 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. खारं पाणी जास्त तापलं तर क्षार धातूवर बसतात, म्हणून तो कमी ठेवलेला असतो. धार जोरात आहे आणि तरी इंजिन तापतंय, अशी तक्रार असेल तर पंपाला हात लावू नका, इथून सुरुवात करा. बंदच राहिलेला थर्मोस्टॅट किंवा क्षारांनी भरलेल्या वाटा टेलटेलमध्ये दिसतीलच असं नाही.

बोटीच्या आत बसवलेलं इंजिन असेल तर वाट थोडी वेगळी. तळातला सीकॉक, म्हणजे बाहेरचं पाणी आत घ्यायचा नळ, मग गाळणी, पंप, समुद्राच्या पाण्याने इंजिनातलं पाणी थंड करणारा हीट एक्स्चेंजर, आणि शेवटी एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे वाकडा जोड. सीकॉक बंद करून पंपाकडे येणारी नळी काढा, हळूच सीकॉक उघडा. पाणी जोरात यायला हवं. आलं नाही तर दोष बोटीच्या बाहेर किंवा सीकॉकमध्ये आहे. गाळणीच्या पारदर्शक झाकणात इंजिन चालताना बुडबुडे दिसले तर पंप हवा ओढतोय, बहुतेक झाकणाची रबरी रिंग किंवा एखादा क्लॅम्प. जुनी नळी बाहेरून धडधाकट आणि आतून पापुद्रा सुटलेली असते. तो पापुद्रा ओढीबरोबर मिटतो आणि पाणी अडतं. तुटलेले इंपेलरचे तुकडे आणि गंज स्वतःवर घेणाऱ्या झिंकच्या कांडीचे झिजून पडलेले खडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी साचतात. एल्बो आतून गंजाने आणि काजळीने निम्मा बंद झालेला असू शकतो, तो काढून आतून बघावाच लागतो.

आणि या इंजिनांसाठी एक धोका. इंजिन सुरू होत नाहीये आणि तुम्ही स्टार्टर पुन्हापुन्हा फिरवताय, तर सीकॉक बंद करा. पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा दाब नसतो. पाणी मागे साचून सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन सुरू झालं की लगेच सीकॉक उघडा.

आता जोडणी. नव्या इंपेलरला साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, पेट्रोलियम ग्रीस नको. इंपेलरला शाफ्टशी अडकवणारी छोटी किल्ली शाफ्टच्या खाचेत बसली का बघा, ती पडली तर शाफ्ट फिरेल आणि इंपेलर जागेवरच राहील. पंपाचा कप खाली दाबताना शाफ्ट त्याच्या चालायच्या दिशेने फिरवा, म्हणजे पाकळ्या बरोबर वाकतात. गिअरकेस वर चढवताना पाण्याची नळी तिच्या रबरी बुशात बसली पाहिजे. ती बाजूला सरकली तर पंप नवा असूनही पाणी वर जाणार नाही. टॉर्चने बघा, मगच बोल्ट आवळा.

[गिअरकेस जोडलेलं. बॅटरी जोडली. ड्रम भरलेला.]

सुरू करतो.

एक, दोन, तीन, चार... आली.

[धार सलग, लांब पडते. हात धारेखाली.]

गार आहे, इंजिन अजून तापायचंय. दहा मिनिटं चालू ठेवतो आणि तापमान मोजणाऱ्या गनने वर, थर्मोस्टॅटच्या आसपास तपासतो.

[दहा मिनिटांनंतर. गनवर आकडा दिसतो.]

57.