खापर

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्र संपत आलाय. तुमच्याही गावात आता दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर चिटपाखरू दिसत नसेल. धुळ्यापासून जवळच, पांझरेच्या काठी एका गावात मी राहते. मातीची भांडी घडवते. बारा वर्षं हे काम पुण्यात केलं, आता इथे सातवं वर्ष चालू आहे. सासरे गेले, सासूबाई एकट्या पडल्या, म्हणून आम्ही इकडे आलो. घर हलवायला एक ट्रक पुरला. काम हलवायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांतली एक गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

आधी थोडं मातीबद्दल. पुण्यात मी भांडं चाकावरून उतरवायचे आणि फळीवर ठेवून विसरून जायचे. दोन दिवसांनी हात लावला तरी चालायचं. इथे पहिल्याच एप्रिलमध्ये सकाळी दहाला उतरवलेल्या वाडग्याची कड अकराला पांढरी पडली, बूड अजून ओलंच. कड आक्रसते, बूड आक्रसत नाही, मग भांडं फाटतं. त्या आठवड्यात मी एकवीस वाडगे घडवले. एकवीसच्या एकवीस फाटले. पुण्याहून आणलेली तयार मातीची पोती संपत आली, तेव्हा चुलत दीर म्हणाले, "वहिनी, आपल्या रानात एवढी माती पडलीय, ती घ्या की." घेतली. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात काळ्या रानातल्या भेगा तुम्ही पाहिल्या आहेत, कोपरापर्यंत हात आत जातो. तीच भेग माझ्या ताटलीत पडायची.

माती बदलली होती, हवा बदलली होती, हात मात्र पुण्याचाच होता. पुन्हा सांगते, हात पुण्याचाच होता. पुढची गोष्ट त्या हाताची आहे.

दुसऱ्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घागर भरली जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे दोन्ही नणंदा येणार होत्या, मुलंबाळं धरून बारा-तेरा माणसं. आणि आखाजी म्हटलं की आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. खापर म्हणजे चुलीवर पालथं घालून पोळी भाजायचं मातीचं भांडं. सासूबाईंचं खापर माळ्यावर असायचं. काळंकुट्ट, कडेला टवका उडालेला. मी मनात म्हटलं, घरात भांडी घडवणारी सून आहे आणि सासूबाईंनी टवका गेलेल्या खापरावर पोळ्या कराव्यात? मी नवं करून देईन.

पुण्याच्या मातीचं शेवटचं एक पोतं राखून ठेवलं होतं, ते फोडलं. तीन दिवस खपले. खापर काय सुरेख झालं होतं! घुमटासारखा गोल, कुठे उंचवटा नाही, भिंत सगळीकडे सारखी. आतल्या बाजूला निळं ग्लेज, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, दिलं. माझ्या गॅसच्या भट्टीत बाराशे अंशांच्या वर नेऊन भाजलं. टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखं वाजायचं. सासूबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "जड आहे." एवढंच.

आखाजीच्या सकाळी मागच्या अंगणात चूल मांडली. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ. खापर पालथं घातलं. वस्त्रगाळ पिठाची कणीक तेलपाण्यात तिंबून तिंबून लोण्यासारखी केलेली, पुरण वाटून तयार. थोरल्या नणंदबाई पोळी हातावर घेतात तेव्हा बघत राहावं. आधी तळव्यांवर, मग मनगटावर, मग दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत ती पोळी आपल्याच वजनाने उतरत जाते, रुमालासारखी पातळ होते आणि शेवटी अलगद खापरावर पडते. पहिली पोळी झाली. दुसरी झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिसरी पोळी खापरावर पडली आणि टण्णकन आवाज आला.

बंदुकीच्या बारासारखा नव्हे, तो आवाज बारीक होता. पाण्याचा ग्लास फरशीवर पडावा तसा. खापराचे तीन तुकडे झाले, पोळी फाटली आणि पुरण सगळं निखाऱ्यांवर. जळक्या गुळाचा वास अंगणभर पसरला. कुणी काही बोललं नाही. सासूबाई उठल्या, पदराला हात पुसले, शिडी लावून स्वतः माळ्यावर चढल्या. सत्तरीच्या बाई. टवका उडालेलं जुनं खापर खाली आणलं, ओल्या फडक्याने पुसलं, चुलीवर पालथं घातलं आणि नणंदबाईंना म्हणाल्या, "टाक." त्या दिवशी त्या खापरावर साठेक पोळ्या झाल्या. मी पाटा-वरवंट्याजवळ बसून होते. शेजारच्या जिजी निघताना माझ्यापाशी थांबल्या, एक निळा तुकडा उचलून म्हणाल्या, "माय, हाई दखाले चांगलं शे, पन हाई खापर नही."

रात्रभर झोप नाही. सकाळी तो तुकडा घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला कुंभारवाड्यात गेले. दीड वर्ष मी त्या गावात राहत होते आणि त्या दारात एकदाही गेले नव्हते, हे सांगताना आजही मला वाईट वाटतं. तिथले म्हातारे कुंभार, त्यांना सगळे बाबा म्हणतात, ओट्यावर बसून माठ थापत होते. एका हाताने आतून दगडी गोटा धरलेला, दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी थापटणं. मी तुकडा पुढे केला. त्यांनी नखाने वाजवला. कुठे भाजला विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी तो तुकडा फुटक्या बाजूने जिभेला लावला. लावला आणि काढला. शेजारच्या ढिगातला आपल्या माठाचा एक तुकडा उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू लाव."

मी लावला. श्रोतेहो, जीभ त्या तुकड्याला चिकटली. ओढून सोडवावी लागली. माझा तुकडा जिभेवरून काचेसारखा घसरत होता. बाबा म्हणाले, "तुझी माती पाणी पीत नाही." आणि पुन्हा माठ थापायला लागले.

हेच ते. मी माती इतकी भाजली होती की तिच्यातली सगळी भोकं बुजून गेली. चहाच्या कपाला ते चांगलं, खापराला नाही. खापराच्या एका जागी जाळ लागतो, दुसऱ्या जागी गार ओली कणीक पडते. एक भाग फुगतो, शेजारचा आक्रसतो, आणि घट्ट भांड्याला ते सोसत नाही. बाबांच्या मातीत नदीकाठचा गाळ असतो, चाळलेली राख असते आणि गाढवाची लीद असते. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. भेग निघाली तरी पोकळीशी येऊन थांबते. आव्यातली धगही माझ्या भट्टीपेक्षा किती तरी कमी, त्यामुळे माती मोकळी राहते. माती मोकळी राहिली पाहिजे. हे वाक्य मी माझ्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलंय.

पुढचं वर्षभर मी बाबांच्या ओट्यावर लीद चाळली. उन्हात वाळवायची, मोगरीने कुटायची, तारेच्या चाळणीतून काढायची. भल्या पहाटे कामाला बसायचं, नऊ वाजता सगळं ओल्या गोणपाटाखाली झाकायचं, लू लागू द्यायची नाही. थापटण्याचा आवाज ओळखायला शिकले. ओलं असताना धप्प, नेमकं झाल्यावर टप्प, आणि उशीर झाला की खट्ट. खट्ट वाजलं की थांबायचं. मला सगळं मोजायची सवय, ग्रॅममध्ये, अंशांमध्ये. बाबांची मापं मुठीत होती.

शहरात हल्ली मातीकाम म्हणजे ताणतणाव घालवायचा उपाय म्हणून शिकवतात. लोकांना बरं वाटत असेल तर वाटू द्या, पण मला ते पटत नाही. हे काम आहे. ज्याच्या घरची चूल यावर पेटते त्याला विचारा. आणि विषय चुलीवर आलाच आहे तर, भरताचं वांगं काट्यांवर भाजलेलं असेल तरच त्याला मी भरीत म्हणते. गॅसवर सालं काळी होतात, धूर आत जात नाही. तसंच माठाचं. घरात फ्रिज असू द्या, पण ओसरीवर एक माठ ठेवा. 

बाबांकडे शिकत होते त्या दिवसांत मी अजिंठ्याला बऱ्याचदा गेले. मनात असायचे ते रॉबर्ट गिल. मद्रासच्या फौजेतला हा चित्रकार 1844 साली अजिंठ्याची चित्रं उतरवून घेण्यासाठी नेमला गेला. विलायती तैलरंग आणि कॅनव्हास घेऊन तो त्या डोंगरात येऊन राहिला आणि वर्षानुवर्षं भिंतींवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवत बसला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती चित्रं मांडलेली होती. 1866 च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि त्यातली बहुतेक जळून गेली. तोवर गिलने हातात कॅमेराही घेतला होता. आगीनंतर तो पुन्हा लेण्यांमध्ये चित्रं काढायला बसला. 1879 साली तो वारला. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे. कधी भुसावळला गाडी बदलायची असेल आणि हातात तासभर असेल, तर जाऊन या. मी जाऊन आलेय. माझे फुटलेले एकवीस वाडगे तिथे मला आठवले, आणि मग आठवेनासे झाले.

आता मी ग्लेज लावत नाही. मोठे रांजण थापते, माझ्या कमरेइतके, आणि ते बाबांच्या आव्यातच भाजते. धुराचे डाग अंगावर जसे येतील तसे राहू देते. बाबांना आता थापटणं फार वेळ पेलत नाही, ते खाटेवर बसून नुसतं ऐकतात आणि मध्येच "थांब" म्हणतात.

आखाजी जवळ आली आहे. माझ्या पडवीत गोणपाटाखाली अकरा खापरं वाळतायत, गावातल्याच घरांसाठी. काल सासूबाईंनी एकेक उघडून बोटाच्या पेराने वाजवलं. नऊ त्यांनी रांगेत लावली. दोन बाजूला काढली. का काढली ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, ती दोन पुन्हा पाण्यात भिजत घातली. गोवऱ्या आणि पऱ्हाट्या आणून ठेवल्या आहेत. बाबा म्हणालेत, संध्याकाळी वारा पडला तर आजच आवा पेटवू.

नमस्कार.