लॅपटॉप घेण्याआधी तिथल्या लाइटीची चौकशी करा

नमस्कार मंडळी. मेळघाट, भामरागड, धडगाव अशा भागात काही महिने स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या मुलामुलींसाठी आजचं बोलणं आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही, कारण लॅपटॉपचे पैसे बरेचदा तेच देतात. कुणी आरोग्याच्या कामाला जातं, कुणी आश्रमशाळेत शिकवायला, कुणी सर्व्हेला, आणि निघायच्या आधी सगळ्यांचा प्रश्न एकच, लॅपटॉप कुठला घेऊ? दुकानात गेलात की प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यावरच बोलणं सुरू होतं. माझं म्हणणं असं, की त्याआधी जिथे जाणार तिथल्या कार्यकर्त्यांना फोन लावा. लाइट किती तास असते, सोलर आहे का, आणि मशीन बंद पडलं तर जवळचा दुरुस्तीवाला कुठल्या गावात, एवढं विचारा. कंपनी आणि मॉडेल त्यानंतर.

कारण तिकडे पावसाळ्यात वारं सुटलं की तारेवर झाड पडतं, डीपी म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि वायरमन पोचेपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, मग नवा चार्जर मागवला तरी येणार कुठून? व्होल्टेज कमी आहे म्हणून घाबरू नका, बहुतेक अडॅप्टरवर बारीक अक्षरात इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, बल्ब मिणमिणता असला तरी चार्जिंग होतं. खरा धोका लाइट परत येते तेव्हा, त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि अडॅप्टर जातो. म्हणून लाइट गेली की पिन काढून ठेवायची, आली की पाच-दहा मिनिटं थांबून मगच लावायची. सोबत एक चांगला स्पाइक गार्ड असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लॅपटॉप सी टाइप पोर्टवरून चार्ज होणाराच घ्या, यात तडजोड करू नका. तसा असेल तर जीपमधल्या चार्जरवर चालतो, पॉवर बँकवर चालतो, संस्थेतल्या दुसऱ्या कुणाच्या चार्जरवरही चालतो. फक्त सी टाइपचं भोक दिसलं म्हणून खूश होऊ नका, काही पोर्ट नुसते डेटाचे असतात, दुकानातच दुसऱ्या कंपनीचा ६५ वॅटचा चार्जर लावून बघा. आणि पॉवर बँकचा हिशोब नीट समजून घ्या. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे साठवलेली वीज ७४ वॅट-अवर. लॅपटॉपची बॅटरी साधारण ५० वॅट-अवर धरली आणि थोडी वीज मधे वाया जाते हे धरलं, तर एकदा फुल चार्ज होईल, जास्त नाही. पॉवर बँकही ४५ किंवा ६५ वॅट देणारी हवी, मोबाइलवाली चालणार नाही. अरुणाचलला किंवा आफ्रिकेत जाणारे कुणी ऐकत असतील तर विमानात १०० वॅट-अवरपर्यंतचीच पॉवर बँक बिनपरवानगी नेता येते, तीही हातातल्या बॅगेत.

नवाच घ्यायला हवा असं अजिबात नाही. ऑफिसांमधून निघालेले सेकंडहँड बिझनेस लॅपटॉप या कामाला मला जास्त पटतात. उदाहरणच द्यायचं तर २०१८ चा थिंकपॅड टी-४८०. त्यात दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून काढता येणारी, त्यामुळे चालू मशीनची मागची बॅटरी काढून दुसरी बसवता येते, काम थांबत नाही. सी टाइपवर चार्ज होतो, रॅम आणि एसएसडी साध्या स्क्रूड्रायव्हरने बदलता येतात, तालुक्याच्या गावातला मुलगाही उघडू शकतो. नवीन पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बरेचदा बोर्डवरच पक्की असते, ती गेली की गेलीच. मात्र इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचा प्रोसेसर घेऊ नका, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनची बॅटरी थकलेलीच असते, नवीन बॅटरीचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

स्क्रीन मॅट असू द्या, झाडाखाली बसून आशाताईंबरोबर याद्या तपासायच्या असतील तर चकचकीत स्क्रीनमध्ये फक्त आपला चेहरा दिसतो. याचा खरा विचार केला होता तो गरीब मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवणाऱ्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'वाल्यांनी, २००७ मध्ये कर्जतजवळच्या एका गावातल्या शाळेत त्यांचे ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते, उन्हात वाचता येणारा स्क्रीन, पंखा नाही, रबरी कीबोर्ड. मिलिटरी ग्रेडच्या जाहिरातीवर मात्र विसंबू नका, त्या चाचण्यांपैकी कुठल्या करायच्या हे कंपनीच ठरवते, पाण्यात टिकेल असा त्याचा अर्थ नाही. काळीपिवळीच्या टपावर बॅग ठेवायची वेळ आली तरी लॅपटॉप मांडीवर घ्या, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

आणखी एक, जे दुकानदार सांगत नाही. हल्लीच्या विंडोजमध्ये बरेचदा डिस्क लॉक केलेली असते, एखादा अपडेट झाला की कधीकधी निळा स्क्रीन येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे ते लॉक उघडायचा नंबर, मागतो. ती असते तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन अकाउंटवर, आणि तुम्ही असता रेंज नसलेल्या पाड्यावर! ती की निघायच्या आधीच कागदावर लिहून घ्या, कागद लॅपटॉपच्या बॅगेत नको, वेगळा ठेवा. लॉकच काढून टाकू असं मनातही आणू नका, त्यात टीबीच्या पेशंटची नावं असतात, कुपोषित मुलांची वजनं असतात, ती लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलेली असतात.

मराठी टायपिंगही वेबसाइटवर करायची सवय असेल तर मोडा, विंडोजमधलाच मराठी कीबोर्ड चालू करा, त्याला नेट लागत नाही. कीविक्स नावाच्या मोफत अ‍ॅपवर, नेटशिवाय वाचता येईल असा, मराठी विकिपीडिया उतरवून घ्या, शाळेत फार उपयोगी पडतो. ऑफिसचं सबस्क्रिप्शन असेल तर महिन्यातून एकदा नेट मिळेल का बघा, नाहीतर त्याच कामाचं मोफत लिबरऑफिस टाका. हे सगळं झालं की एक शनिवार-रविवार घरातलं वायफाय बंद करा, चार्जर कपाटात टाका, आणि फक्त पॉवर बँकवर तुमचं खरं काम करून बघा. जे काही अडेल त्याची यादी करा आणि सोमवारी दुकान उघडलं की ते आणा.