बाटलीतून बाहेर आलेली केळी

(दृश्य: शेडनेटचं दार उघडतं. आत प्रो-ट्रेच्या, म्हणजे रोपं वाढवायच्या कप्प्या-कप्प्यांच्या ट्रेच्या, लांबच लांब रांगा.)

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळी लावायची म्हटलं की आता ‘टिश्यू’ची, म्हणजे टिश्यू कल्चरची रोपं मागवतात. जात ग्रँड नैन. एका चांगल्या झाडाच्या कंदातला कोंब घ्यायचा, प्रयोगशाळेत बाटलीत वाढवायचा आणि त्याचीच हजारो रोपं करायची. पूर्वी कंद लावायचे, तेव्हा एक झाड आज निसवायचं, म्हणजे त्याचा घड बाहेर पडायचा, शेजारचं महिन्याने. टिश्यूची बाग बरीचशी एकदम निसवते, कटाईला सोपी जाते. व्यापारी खूश, तो त्यामुळे.

पण हा ट्रे बघा. नुकतीच बाटलीतून काढलेली रोपं, आणि दुपार व्हायच्या आत माना टाकून बसलीत.

बाटलीत त्यांना कसलीच तोशीस नव्हती. हवा दमट, साखर आयती, उजेड बेताचा. त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट चढलेला नसतो आणि पानाची रंध्रं गरज पडली तरी मिटत नाहीत. मुळं दिसतात पांढरीशुभ्र, पण पाणी ओढायच्या कामाला कच्ची. बाहेर आल्यावर पान पाणी सोडत राहतं, मुळाकडून तेवढं येत नाही. त्यात जळगावचा मे महिना, पारा ४५ अंशांच्या आसपास.

अशा वेळी हात आपोआप झारीकडे जातो. रोप मलूल दिसतं म्हणजे तहानलं असणार! ट्रेमधलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मात्र आधीच ओलंचिंब असतं. त्यात आणखी पाणी ओतलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. काही जण वर खतही देतात. आजारी रोपाला खत म्हणजे निव्वळ छळ, मुळं आणखी भाजतात.

(दृश्य: जवळून. बोटांच्या चिमटीत कोकोपीटचा छोटा गड्डा.)

आधी रोप उपसून बघायचं. ट्रेच्या खालच्या भोकातून बोटाने दाबलं की गड्डा अलगद वर येतो. मूळ पांढरं आणि टणक असेल तर रोप वाचतं. तपकिरी पडलंय, चिमटीत धरलं तर साल निसटतेय, कुबट वास येतोय, तर ते रोप बाजूला. कोकोपीट मुठीत दाबलं आणि पाण्याची धार लागली, तर पाणी बंद.

ओलावा हवा तो हवेत. फॉगर, म्हणजे धुक्यासारखे बारीक तुषार सोडणारी यंत्रणा, थोडा-थोडा वेळ, पण वारंवार चालवायचा, जमीन भिजती ठेवायची, वर आणखी एक नेट ओढायचं. आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर राहिली की रोपं सावरू लागतात. पुढे आठवड्यागणिक फॉगर कमी करत जायचं. इथे घाई केली की सगळं मुसळ केरात.

बाटलीत आलेली पानं करपली तर हळहळू नका, ती तशीही जाणारच. लक्ष पोंग्यावर ठेवा. मधली ती गुंडाळी हिरवी आणि ताठ असली की रोप आतून जिवंत आहे. बाहेरच्या हवेत उलगडलेलं पान हाताला जाड लागतं. असं पान आलं की मगच १९:१९:१९ हे विद्राव्य खत, तेही अगदी पातळ. त्यानंतर रोप पिशवीत जातं आणि पाच-सहा पानांचं, फूटभर उंचीचं होईपर्यंत शेडनेटमध्येच राहतं.

(दृश्य: एका पानावर पिवळसर पट्टे.)

हे मात्र उन्हाचं नाही. हा हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. मावा किडीबरोबर तो येतो आणि त्यावर औषध नाही. प्रयोगशाळेत मातृझाडाची विषाणू-तपासणी झालेली असली, तरी नेटच्या एका फाटक्या कोपऱ्यातून मावा आत शिरू शकतो. म्हणून रोपवाटिकेच्या आसपास काकडी, भोपळा, टोमॅटो लावू देत नाहीत, तणही ठेवत नाहीत. असं रोप दिसलं की उपटून खड्ड्यात पुरायचं आणि शेजारचे ट्रे रोज तपासायचे. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीची, रोपं भरायला गाडी दारात उभी असली तरी हे ट्रे थांबवायचे.