चर्चवरचा कोंबडा

व्हिडिओत हे जे चर्च दिसतंय ना, याच्या समोरच्या कॅफेत मी परदेशातल्या पहिल्या सायकल रेसचा नंबर घेतला. बेल्जियम, फ्लँडर्स, औडेनार्डेपासून सायकलवर अर्ध्या तासावरचं एक गाव, जुलै महिना. आतल्या खोलीत एक टेबल, त्यावर नावांची यादी आणि सत्तरीतले एक आजोबा. त्यांनी माझं रेसिंगचं लायसन्स पाहिलं, भारतातल्या फेडरेशनचं परवानगीचं पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा वर करून विचारलं, इंडिया? मी म्हटलं हो, पुणे. एन्ट्री फी आणि वर नंबरचं पाच युरो डिपॉझिट, नंबर परत दिला की पैसे परत. निघताना आजोबांनी खिडकीतून बोट वर करून चर्चच्या शिखराकडे दाखवलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. मला वाटलं चर्च बघून घे असं सांगतायत, मी हसून थँक यू म्हटलं आणि निघालो.

या रेसला इथे केर्मिसकूर्स म्हणतात. केर्मिस म्हणजे गावची जत्रा. आपल्याकडे जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड लागतो ना, तशी यांच्याकडे सायकल रेस लागते. गावाभोवती सात-आठ किलोमीटरचा एक फेरा, तो चौदा-पंधरा वेळा मारायचा, एकूण शंभर-एकशेवीस किलोमीटर. दर फेऱ्याला त्याच कॅफेसमोरून जायचं, माणसं खुर्च्या टाकून बसलेली, मध्येच एखाद्या फेऱ्याला वेगळं रोख इनाम आणि शेवटी बक्षीसं पार विसाव्या नंबरापर्यंत. आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी सुद्धा रेस असते आणि गाव बघायला येतं. इथे सायकल किती खोलवर आहे ते एका गोष्टीवरून कळेल, पॅटरबर्ग नावाचा इथला प्रसिद्ध दगडी चढ एका शेतकऱ्यामुळे झाला, टूर ऑफ फ्लँडर्स ही इथली सगळ्यात मोठी रेस आपल्या घरावरून जावी म्हणून 1986 च्या सुमारास शेताकडच्या वाटेवर दगड बसवले गेले आणि रेस खरंच तिथून जायला लागली. बाहेरच्या पोरांनी इथे येऊन राहायचं हेही जुनंच, 1961 ला फ्लँडर्स जिंकणारा आणि 1965 ला वर्ल्ड चॅम्पियन झालेला इंग्लंडचा टॉम सिम्पसन सुद्धा इथे घेंटला येऊन राहिला होता.

मी तीन वर्षं पहाटे उठून सिंहगड आणि बोपदेव मारत होतो, नोकरी सांभाळून. घाटात मी बरा आहे. पण इथे या रस्त्यावर घाट नाही, डोंगर नाही, बटाट्याची आणि मक्याची शेतं आहेत आणि वारा आहे.

आता हा रस्ता नीट बघा. काँक्रीटच्या लाद्या, दोन लाद्यांमध्ये फट, कडेला तळहाताएवढी रुंद पट्टी, तिच्यात वाळू आणि ट्रॅक्टरच्या चाकातून पडलेला वाळका चिखल. वारा समोरून असेल तर पुढच्याच्या मागे लपता येतं. पण इथे वारा डावीकडून येतो, मग आडोसा मागे नसतो, तिरका उजवीकडे असतो, म्हणून पुढचे रायडर रस्ताभर तिरकी रांग लावतात. याला डचमध्ये पंख्याचाच शब्द आहे, हातातला उघडलेला पंखा. रस्ता अरुंद, त्यात सात-आठ जण मावतात, नववा माणूस उजव्या कडेच्या पट्टीत आणि त्याच्या मागे बाकीचे सगळे एका ओळीत, आडोसा कुणालाच नाही. मी त्या ओळीत होतो. ताशी पन्नासच्या वर स्पीड, पुढचं चाक वीतभर लांब, दर लादीच्या फटीला हँडलमध्ये टक-टक-टक, तोंडात वाळू, आणि पुढच्याने सायकलभर अंतर जरी सोडलं तरी ते भरायला दोन मिनिटं जीव काढावा लागतो. चौथ्या फेऱ्याला माझ्या पुढच्याने ते अंतर सोडलं. मी बाजूने निघालो, अर्ध्यापर्यंत पोचलो आणि तिथेच पाय संपले. रेसच्या पुढच्या गाडीवर लाल झेंडा असतो, मागच्या गाडीवर हिरवा. हिरवा झेंडा तुमच्या पुढे गेला की तुमची रेस संपली. तो माझ्या पुढे गेला तेव्हा रेसला पाऊण तास सुद्धा झाला नव्हता.

त्या रात्री बाबांचा फोन आला, काय झालं रे. मी सांगितलं रेसमधून बाहेर पडलो. ते म्हणाले, जेवलास का? मला खूप बरं वाटलं त्या प्रश्नाने.

इथे मी राहत होतो त्याच घरात न्यूझीलंडचा एक पोरगा राहत होता, एकोणीस वर्षांचा, तिसरा उन्हाळा इथे. त्याने विचारलं, रेसच्या आधी कोंबडा बघितलास का? इथे बहुतेक चर्चच्या शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा असतो. आजोबा तेच दाखवत होते. कोंबड्याची चोच जिकडे तिकडून वारा, मग एक फेरा हळू मारून बघायचं की कुठल्या वळणानंतर तो आडवा येणार, आणि पुढे सरकायचं ते त्या वळणाच्या आधी, वळण घेतल्यावर जागा मिळत नाही. ताकद सगळ्यांकडेच असते, तो म्हणाला, तू कुठे बसलायस ते महत्त्वाचं.

तीन आठवड्यांत मी सात रेस केल्या. पाच अर्धवट राहिल्या, पण दर वेळी एक-दोन फेरे जास्त. सहाव्या रेसला पावसात पडलो, कोपर सोललं. आणि सातवी, आता दिसतंय ते फुटेज त्याच दिवसाचं आहे, वेगळं गाव, वेगळं चर्च. मी सायकल गाडीतून काढायच्या आधी वर बघितलं. वारा नैऋत्येचा, म्हणजे कारखान्याच्या पुढच्या डाव्या वळणानंतर आडवा. प्रत्येक फेऱ्याला त्या वळणाच्या पाचशे मीटर आधी मी खांदे घासत पुढे जात राहिलो, कुणी ओरडलं, कुणी कोपर लावलं, मी जागा सोडली नाही. अकराव्या फेऱ्याला पंखा लागला तेव्हा मी त्याच्यात होतो, सहावा, उजवीकडून दुसरा, आणि वारा एकदम लागेनासा झाला, इतका की बाजूच्याचा श्वास ऐकू येत होता.

एकशेबारा किलोमीटर, अडतिसावा नंबर. बक्षीस नाही.

कॅफेत गेलो, जर्सीच्या पाठीवरच्या पिना एक एक करून काढल्या, नंबर ओला झाला होता म्हणून टेबलावर हाताने सरळ केला. टेबलामागच्या बाईंनी यादीत माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि पाच युरोची नोट दिली.