कोरड्या तोंडासाठी लिंबू चोखू नका, साल हुंगा

नमस्कार. तोंड सारखं कोरडं पडतं म्हटलं की सल्ला ठरलेला: लिंबाची फोड चोखा. लाळ सुटते, खरंच. पण लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण २ ते २.५ असतो, आणि ५.५ च्या खाली दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं. एरवी लाळ हे आम्ल धुऊन काढते. इथे लाळच कमी! म्हणून रस बाजूला ठेवा, साल घ्या.

वासाने मुख्यतः हनुवटीखालच्या लाळग्रंथी चाळवतात. कानापुढच्या मोठ्या ग्रंथींना वासाचं फारसं काही नसतं, त्यांना चव आणि चावणं लागतं. त्यामुळे आधी हुंगायचं, मग चावायचं.

(साल कॅमेऱ्यासमोर धरून) लिंबू धुऊन पुसा. सोलाण्याने अंगठ्याएवढ्या दोन पातळ पट्ट्या काढा. सुगंधी तेल वरच्या रंगीत थरात असतं, खालचा पांढरा भाग नुसता कडू. पट्टी बोटांत मुरगळा, की तेलाचे बारीक तुषार उडतात. ती झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत टाका. जेवणाआधी पाचेक मिनिटं बाटली उघडायची, तोंड मिटून नाकाने दोन-तीन हलके श्वास, मग झाकण बंद. अर्धा मिनिट थांबा, जीभ दातांवरून फिरवा, पुन्हा हुंगा. असं चार-पाच वेळा. नंतर पाव चमचा साधी बडीशेप सावकाश चावा. रंगीत, साखर लावलेली नको.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: बाटली दिवसभर उघडी ठेवतात, नाहीतर खोलीभर वास पसरवणारा डिफ्युझर लावून बसतात. नाक काही मिनिटांतच त्या वासाला सरावतं आणि परिणाम ओसरतो. म्हणून दोन वास आलटून पालटून वापरा. दादरच्या भाजीबाजारात गवती चहा आणि पुदिना शेजारीशेजारी मिळतात. पात चुरगळली की झालं. पुदिन्याने तोंडाची आग होत असेल तर तो सोडा. मुंबईच्या दमट हवेत सालीला बुरशी लवकर धरते, रोज नवी घ्या.

बाटलीबंद तेलाचे थेंब जिभेवर मुळीच टाकू नका. दमा असेल तर उग्र वासांपासून लांबच राहा.

फरक पडतोय का, हे मोजता येतं. दीड तास काही खाऊ-पिऊ नका. मान खाली घालून ५ मिनिटं लाळ छोट्या कपात गळू द्या. फेस बसला की सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढा. अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी भरली तर लाळ खरोखर कमी आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, हुंगत हुंगत मोजा.

सर्दीने वास येत नसेल, तर हा उपाय चालणार नाही. रेडिएशनने ग्रंथी सुकल्या असतील तर फारच थोडा गुण येईल. झोपेत लाळ जवळपास थांबते, तिथेही वास कामाचा नाही. रात्री तोंडाने श्वास घेता का, ते बघा.

ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही तोंड सुकतं. त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. कोरडेपणा महिनाभर टिकला, डोळेही कोरडे वाटू लागले किंवा फार तहान लागत असेल, तर रक्तातली साखर तपासा आणि मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.