गेंड्या भुंग्याची शरीररचना

कोकणातल्या नारळाच्या बागेत एखाद्या झावळीची पाती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसू लागली, की अनुभवी बागायतदाराची नजर थेट शेंड्याकडे जाते. झावळी उलगडण्यापूर्वी, ती कोवळ्या कोंबात घट्ट मिटलेली असतानाच गेंड्या भुंग्याने ती पोखरलेली असते, आणि पोखरलेल्या भोकाच्या तोंडाशी चावून टाकलेला चोथा साचलेला आढळतो. इतक्या अरुंद आणि चिवट जागेत शिरायचे, आतला रस शोषायचा आणि तिथून बाहेर पडून पुन्हा उडायचे, हे ज्या शरीरामुळे साधते त्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे.

हा भुंगा ‘कोलिऑप्टेरा’ या गणातला आहे. सुमारे 4 लाख जातींची नोंद झालेला हा कीटकांमधला सर्वांत मोठा गण होय.

हा भुंगा साधारण 4 ते 5 सेंटिमीटर लांबीचा, काळसर तपकिरी रंगाचा असतो. इतर कीटकांप्रमाणे याच्याही शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग असले, तरी वरून पाहणाऱ्याची हमखास फसगत होते. डोक्यामागे जी रुंद, खोलगट ढाल दिसते तो वक्षाचा केवळ पहिला खंड असून, उरलेले दोन खंड पाठीवरच्या टणक पंखांखाली झाकलेले असतात. भुंगा उताणा केला, की ही गोष्ट लगेच ध्यानात येते, कारण मधली आणि मागची पायांची जोडी आपण ज्याला पोट समजत होतो, त्या भागाच्या पुढच्या अर्ध्यातून निघालेली दिसते.

पाठीवरचे ते टणक पंख म्हणजेच पुढच्या पंखांची जोडी. माझ्या मते भुंगेऱ्यांच्या शरीरातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे. उडण्याचे मुख्य काम सोडून हे पंख कायटिन आणि प्रथिने यांनी बनलेले जाड कवच झाले आहेत, आणि पाठीच्या मध्यावर ते एका सरळ रेषेत एकमेकांना मिळतात. खरे उडणारे पंख म्हणजे मागची जोडी. हे पंख पातळ, पारदर्शक आणि कवचापेक्षा लांब असल्यामुळे विसाव्याच्या वेळी ते आडवे दुमडूनच आत ठेवावे लागतात. उड्डाणाच्या वेळी कवच वर उचलले जाते, मागचे पंख उलगडतात आणि जड शरीर हवेत उठते. खरबरीत भोकात शिरताना हा नाजूक पडदा फाटत नाही, याचे श्रेय त्या आवरणालाच द्यावे लागते.

खोदण्याची अवजारे पुढच्या भागात आहेत. पुढच्या पायांची नळी रुंद असून तिच्या बाहेरच्या कडेला दाते असतात, तर वनस्पतीच्या ऊती चिरडण्याचे काम मजबूत जबडे करतात. शृंगिकांच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशांसारख्या अवयवांच्या, टोकाला तीन चपट्या पात्यांचा झुबका असून भुंगा त्यांनी वास टिपतो. डोक्यावरचे शिंग नरात मोठे आणि मादीत बहुधा आखूड असते, पण केवळ शिंगावरून नरमादी ओळखणे भरवशाचे नाही. त्यासाठी उदराचे मागचे टोक पाहावे, कारण मादीच्या टोकावर तांबूस केसांचा दाट झुबका असतो.

अळीच्या अवस्थेत यातले जवळजवळ काहीच नसते. शेणखताच्या खड्ड्यात किंवा कुजलेल्या माडाच्या खोडात वाढणारी ही अळी पांढरट, मऊ आणि इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली असते. तिचे डोके तपकिरी आणि टणक असते, वक्षाला पायांच्या तीन जोड्या असतात आणि शरीराच्या दोन्ही कडांना श्वासरंध्रांची ठळक ओळ असते. कोषावस्थेत पंख आणि शिंग प्रथमच बाहेरून दिसू लागतात. कोषातून निघालेला भुंगा लगेच उडत नाही. कवच पुरते कठीण होऊन रंग गडद होईपर्यंत तो काही दिवस तिथेच दडून राहतो. म्हणूनच खताचा खड्डा वेळच्या वेळी उपसून अळ्या आणि कोष वेचणारा बागायतदार भुंग्याला माडापर्यंत पोहोचण्याआधीच अडवू शकतो.